मागेल त्यास काम : वेठ कोणती व हक्क कोणता?

ह्या आठवड्याच्या पाठाचा विषय आपल्या रोजच्या भाकरीचा आहे. ज्याच्या घरी अन्न नाही त्यास समाजाने पैसा द्यावा, आणि त्याच्या मोबदल्यात त्याच्याकडून गावाच्या उपयोगाचे काही काम घ्यावे, ही रीत योग्य आहे काय? कोणी म्हणतात, फुकट दिल्याने मनुष्य आळशी होतो, यास्तव काम घेतलेच पाहिजे. दुसरे म्हणतात, उपाशी मनुष्याच्या गरजेवर टपून त्यास राबवणे ही वेठच होय. आपल्या उपदेशकांस व शिक्षकांस हे दोन्ही बोल वरचेवर ऐकावे लागतात, आणि उत्तर काय द्यावे हे पुष्कळांस कळत नाही.

आमच्या मते ह्या प्रश्नाचे उत्तर दूर शोधावयास नको. आपल्या महाराष्ट्रात हा व्यवहार एकदा नव्हे, तीन वेळा आणि तीन निरनिराळ्या रीतींनी झालेला आहे. त्या तिन्ही रीती प्रथम ओळीने पाहू. मग आपल्या गावांतील कित्येक तरुण पोटासाठी मुंबईच्या बाजूस गेले आहेत, त्यांच्याकडे वळू, आणि त्यासाठी भाईंदर येथील जेसल पार्क ह्या वस्तीचे उदाहरण घेऊ.

१. वतनाची सेवा

पहिली रीत आपल्या आजोबा-पणजोबांनी अंगावर सोसलेली आहे. गावच्या महारास वतन असे. त्याने सरकारी टपाल पुढच्या गावी पोहोचवावे, अंमलदाराबरोबर चालावे, वसुलाची रक्कम ठाण्यापर्यंत सांभाळून न्यावी, शिवेची खूण दाखवावी, लोकांस चावडीवर बोलवावे, मेलेले ढोर ओढावे. ही सर्व कामे गावाच्या उपयोगाचीच होती, हे कोण नाकारील? त्यांच्या बदल्यात त्यास इनामाच्या जमिनीचा तुकडा, खळ्यावरचे बलुते आणि दारोदारची भाकर मिळे. म्हणजे वरवर पाहिले तर समाजोपयोगी सेवा आणि तिच्या बदल्यात निर्वाह, असाच हा करार दिसतो.

परंतु तो करार नव्हता. करार करणाऱ्यास नाही म्हणता येते; महारास नाही म्हणता येत नव्हते. सेवेस वेळकाळ नव्हता, हाक येईल तेव्हा जावे लागे. घरचा कर्ता परगावी असला तर घरातील दुसऱ्या कोणास तरी धरून नेत. मोबदला किती व केव्हा, हे देणाऱ्याच्या मर्जीवर होते. आणि सर्वांत वाईट गोष्ट ही की, हे काम जन्माने ठरलेले होते. बापाचे ओझे मुलाच्या डोक्यावर आपोआप येई. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई कायदेमंडळात ह्या वतनांच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गाववतने रद्द झाली. काम उपयोगाचे आहे एवढ्यावरून ते न्यायाचे ठरत नाही, हा ह्या इतिहासाचा पहिला धडा आहे.

२. दुष्काळी कामे

दुसरी रीत दुष्काळाची. १८७६ पासून १८७८ पर्यंत दक्षिणेत जो घोर दुष्काळ पडला त्यात सरकारने उपाशी लोकांसाठी कामे काढली. माणदेशात म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव आणि नीरेचा डावा कालवा ही त्याच काळची दुष्काळी कामे. त्यांचे पाणी नंतरच्या कित्येक पिढ्यांनी वापरले. काम उपयोगी होते, आणि ह्या वेळी ते जन्माने ठरलेले नव्हते; जो उपाशी तो येई.

तथापि १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीचा दर उतरवला. पुरुषास रोजचे एक पौंड, म्हणजे सुमारे अर्धा शेर धान्य आणि एक आणा. बायका व मुले यांस त्याहूनही कमी. दिवसभर माती वाहणाऱ्याचे पोट अर्ध्या शेरावर कसे भरावे? शिवाय मनुष्य खरोखरच गरजू आहे की नाही हे पाहण्याकरिता त्यास घरापासून लांबच्या कामावर पाठवावे, असे धोरण होते. जो लांब जावयास तयार होतो तोच खरा भुकेला, असा त्यातील हिशेब. मुंबई इलाख्यातील मजुरांनी हे निमूटपणे घेतले नाही. हजारो लोक कामे सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्जामागून अर्ज पाठवून मजुरांची बाजू मांडली. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाने नियम सुचवले आणि त्यांवरून दुष्काळ संहिता तयार झाल्या.

ह्या रीतीत काम ही मदत राहिली नाही, ती परीक्षा झाली. गरिबावर प्रथम संशय घ्यावयाचा, आणि त्याने आपला देह झिजवून तो संशय खोटा पाडावयाचा. जेथे काम गरजूस पारखण्यासाठी दिले जाते, तेथे मजुरी नेहमी कमीच राहते.

३. रोजगार हमी

तिसरी रीत आपल्याच राज्यात जन्मली, आणि पुढे तिचा अभ्यास परदेशातील विद्वानांनीही केला. विधानपरिषदेचे त्या वेळचे सभापती वि. स. पागे यांच्या मनात असा विचार आला की, खेड्यातील मनुष्य काम मागतो तेव्हा त्यास ते मिळण्याचा हक्क असावा. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात ह्या कल्पनेचा लहानसा प्रयोग झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या काळी, १९७२ साली, सरकारने रोजगार हमी योजना जाहीर केली.

त्याच वर्षी पाऊस रुसला. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते मिलो आणि सुकडी हे शब्द विसरलेले नाहीत. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख लोक होते. खडी फोडणे, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव, बांधबंदिस्ती अशी ती कामे होती, आणि पाटी उचलणाऱ्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती. पिके गेली, गुरे गेली, विहिरी आटल्या. परंतु १८७७ प्रमाणे माणसांची प्रेते रस्त्यांवर पडली नाहीत. हातास काम आणि कामास दाम मिळाल्याने हे झाले.

पुढे १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यात ठरले ते असे : ग्रामीण भागातील कोणाही प्रौढ मनुष्याने अंगमेहनतीचे काम मागितले, तर १५ दिवसांच्या आत त्यास काम द्यावे; न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा. मजुरी कामाच्या मापावर असल्याने पुरुष व स्त्री यांस एकाच मापास एकच दाम. काम असे असावे की त्याने गावाची मिळकत वाढेल.

वाचकांनी येथे थोडे थांबून पाहावे. वतनात हाक वरून खाली येई : चावडी बोलावी आणि महाराने धावावे. हमीत हाक खालून वर जाते : मजुराने अर्ज करावा आणि तहसीलदाराने धावावे. काम तेच मातीचे, पाटी तीच, टिकाव तोच. पण मागणारा बदलला.

ही योजना निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. कोठे हजेरीपटावर खोटी नावे चढली, कोठे मजुरी महिनामहिना थकली, कोठे फोडलेली खडी रस्त्याच्या कडेस तशीच पडून राहिली व तिच्यावर गवत उगवले. पण जेथे कामाची निवड चांगली झाली तेथे फळही दिसले. १९९० पासून हमीच्या पैशातून शेतकऱ्यांच्या स्वतःच्या जमिनींत फळझाडे लावण्याचे काम निघाले, आणि कोकणात आंबा-काजू व कोरड्या मुलखात बोर-डाळिंब उभे राहिले. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार ह्या गावाने १९९० नंतरच्या काळात सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने डोंगरावर चर खणले, पाणी अडवले, व त्यासाठी हमीच्या निधीचाही उपयोग केला. ज्या गावातून माणसे बाहेर जात होती त्या गावी ती परत आली.

२००५ साली संसदेने देशभरच्या खेड्यांसाठी असाच कायदा केला. प्रत्येक कुटुंबास वर्षास १०० दिवसांच्या कामाची हमी, मजुरी १५ दिवसांत, काम शक्यतो ५ किलोमीटरांच्या आत, त्याहून लांब असल्यास मजुरी दहा टक्क्यांनी अधिक, कामावर सावली, पाणी व लहान मुलांसाठी पाळण्याची सोय, आणि हिशेब ग्रामसभेपुढे उघडा, अशा अटी त्यात होत्या. १८७७ साली लांबचे अंतर ही गरिबाची परीक्षा होती. २००५ साली त्याच अंतराबद्दल त्यास जास्त पैसे ठरले. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला, व त्यात दिवस १२५ धरले. कायदे असे बदलत राहतील. म्हणून कायद्याची कलमे पाठ करण्यापेक्षा त्यांस पारखण्याची कसोटी आपणांजवळ असणे अधिक अगत्याचे आहे.

४. कसोटी

तिन्ही रीतींवरून ती कसोटी सहज निघते. काम कोणी मागितले, गरजूने की मालकाने? नको असल्यास त्यास नाही म्हणता येते काय? काम झाल्यावर उपयोग कोणाचा होतो, साऱ्या गावाचा की एका वाड्याचा? आणि मजुरी पोटास पुरेल एवढी व वेळेवर मिळते काय? ह्या चारही प्रश्नांस वतन नापास होते. दुष्काळी काम उपयोगापुरते उत्तीर्ण होते, मजुरीत नापास होते. हमीचा कायदा कागदावर उत्तीर्ण होतो. गावात तो उत्तीर्ण होतो किंवा नाही, हे गावावर अवलंबून आहे.

पवित्र शास्त्र ह्या बाबतीत मुके नाही. लेवीय १९ व्या अध्यायात शेताच्या कडा पूर्ण कापू नयेत व पडलेला सरवा गरिबासाठी ठेवावा, अशी आज्ञा आहे. रूथ त्याच हक्काने बवाजाच्या शेतात गेली. तिने श्रम केले, परंतु ती कोणाची वेठबिगार नव्हती. अनुवादाच्या २४ व्या अध्यायात तर मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी असे सांगितले आहे, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. तीन महिन्यांनी बँकेत येणारी मजुरी ह्या मापाने काय ठरते, ते वाचकांनीच सांगावे. आणि थेस्सलनीकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील वचन गरिबांच्या तोंडावर फेकण्याची ज्यांस सवय आहे, त्यांनी ते नीट वाचावे. ते वचन काम करावयास राजी नसणाऱ्याविषयी आहे, काम न मिळणाऱ्याविषयी नाही.

५. जेसल पार्क

आता शहराकडे वळू. भाईंदर पूर्वेस, वसईच्या खाडीच्या काठी, जेसल पार्क ही वस्ती आहे. खाडीवर चौपाटी आहे, तिवरे आहेत, आणि मागे उंच इमारतींच्या रांगा आहेत. एके काळी भाईंदरची ओळख मिठागरे आणि भातशेती हीच होती. १९८५ पर्यंत येथे ग्रामपंचायतींचा कारभार होता. त्या वर्षी मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, आणि २००२ साली महानगरपालिका.

ह्या इमारतींतून रोज सकाळी लोकलने चर्चगेटकडे जाणाऱ्या पगारदार मनुष्याच्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो. वर्षास जास्तीत जास्त अडीच हजार रुपये, एवढाच तो कर आहे, आणि त्याकडे कोणी फारसे पाहतही नाही. परंतु हा कर १९७५ साली बसवला गेला तो मुख्यतः रोजगार हमीचा खर्च भागवण्यासाठी. आणि त्यातून जेवढे जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. म्हणजे शहरातील कारकुनाने दिलेल्या पैशातून माणदेशातील मजुराचा पाझर तलाव बांधला गेला. दोघांनी एकमेकांस कधी पाहिले नाही, तरी एकाच्या पगाराचा व दुसऱ्याच्या पाटीचा संबंध जोडला गेला. आमच्या मते महाराष्ट्रातील ह्या कायद्याची सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे. गावाने ही मदत घेताना मान खाली घालण्याचे कारण नाही, कारण तिच्या बदल्यात गाव जमीन व पाणी राखते. आणि शहराने देताना मिजास करण्याचे कारण नाही, कारण त्याचे धान्य तेथूनच येते.

परंतु हाच धागा एका ठिकाणी तुटलेला आहे. गावातील तरुण शेतीचे काम संपल्यावर भाईंदरास येतो व सकाळी मजुरांच्या नाक्यावर उभा राहतो. कोणी बोलावले तर त्या दिवशी भाकर, नाही तर नाही. आपल्या गावी त्यास काम मागण्याचा जो हक्क होता, तो महानगरपालिकेच्या हद्दीत नाही. हमीचे कायदे खेड्यांसाठी केलेले आहेत. आणि काम नाही म्हणावे तर तेही खरे नाही. भरतीबरोबर आलेला कचरा तिवरांत अडकतो. पावसाळ्यापूर्वी गटारे व नाले साफ व्हावयास पाहिजेत. इमारतींत कित्येक वृद्ध एकटे राहतात, त्यांस दवाखान्यात नेणारे कोणी नसते. एका बाजूस रिकामे हात आणि दुसऱ्या बाजूस पडून राहिलेले काम, ही शहराची स्थिती आहे.

हे जोडण्याचे प्रयत्न इतरत्र झाले आहेत. केरळाने २०१० साली अय्यंकाळींच्या नावाने शहरी रोजगार हमी सुरू केली. राजस्थानाने २०२२ साली शहरातील कुटुंबांस वर्षास १०० दिवस काम देण्याची योजना काढली. इंग्लंडातील अर्थशास्त्री अँथनी अॅटकिन्सन यांनी १९९६ साली आणखी पुढचा विचार मांडला. त्यांचे म्हणणे असे की, समाजाने प्रत्येकास काही उत्पन्न द्यावे, आणि त्याने आपल्या परीने समाजात भाग घ्यावा एवढीच अट असावी. नोकरी, शिक्षण, आजाऱ्याची शुश्रूषा, मुलांचे संगोपन किंवा लोकसेवा, ह्यांपैकी काहीही तो भाग ठरावा. टिकाव-फावडे म्हणजेच काम, ही समजूत त्यांनी सोडावयास लावली.

येथे एक इशारा दिल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. शहरातील हमीचे काम म्हणजे झाडू, आणि झाडू म्हणजे ठराविक जातीची माणसे, असे जर होऊ लागले, तर जुने वतन नव्या नावाने परत आले असे समजावे. तसेच कायम सफाई कामगाराच्या जागी स्वस्तात हमीचा मजूर उभा करणे, हा दोघांवरही अन्याय होय. काम घेणाऱ्यापुढे निवड असावी : कोणी रोपे लावील, कोणी वृद्धांची सोबत करील, कोणी मुलांस शिकवील.

६. ज्यांस काम करवत नाही

शेवटी त्यांचा विचार, ज्यांच्या हातांत बळ नाही. म्हातारा, आंधळा, अंथरुणास खिळलेला, तान्हे मूल पदरी असलेली विधवा, ह्यांस काम करा मग देऊ असे म्हणणे क्रूरपणाचे आहे. दुष्काळ संहितांनीही अशांस कामावाचून मदत द्यावी असे मानले होते, आणि १९८० साली महाराष्ट्राने निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. २०२४ साली राज्याने स्त्रियांस दरमहा १५०० रुपये देण्याची लाडकी बहीण योजना काढली, तेव्हा पुष्कळांनी विचारले की, कामावाचून पैसा का? आम्ही विचारतो, पहाटे पाणी भरणारी, स्वयंपाक करणारी, सासूची सेवा करणारी व मुले वाढवणारी स्त्री कामावाचून होती कधी? पैसा कोणत्या नावाने द्यावा ह्याविषयी मतभेद असोत, पण तिच्या श्रमास श्रम न म्हणणे हे असत्य आहे.

बोध

उपदेशक बंधूंनो, ह्या पाठातून मंडळीस तीन-चार गोष्टी सांगाव्या. हमीच्या कामावर जाणाऱ्यास कोणी भिकारी म्हणू नये. तो गावाचे देणे फेडतो व आपले घेणे घेतो. कामाची मागणी तोंडी करू नये, लेखी करावी, आणि तारीख घातलेली पोच मागून घ्यावी. पोच नसेल तर मागणी झालीच नाही असे म्हणतात. ज्यांस लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहून देणे ही आपली सेवाच समजावी. ग्रामसभेत कामे ठरतात तेव्हा मागे बसून राहू नये. आपल्या वस्तीची विहीर, आपल्या वस्तीचा रस्ता, ही नावे तेथेच घालावी लागतात. हजेरीपट मोठ्याने वाचून दाखवावा असा आग्रह धरावा, म्हणजे मेलेल्यांची व परगावी गेलेल्यांची नावे आपोआप गळतील. आणि जेसल पार्कासारख्या ठिकाणी गेलेल्या आपल्या मुलांस पत्राने किंवा फोनने विचारावे की, तेथे नाक्यावर उभ्या राहणाऱ्यांचे हाल काय आहेत. कारण तो प्रश्न अजून सुटावयाचा आहे, आणि तो सोडवण्यास गावचा अनुभव शहराच्या उपयोगी पडेल.

चर्चेसाठी प्रश्न

१. वतनाची सेवा आणि हमीचे काम ह्यांत मुख्य भेद कोणता?

२. १८७७ साली मजूर कामे सोडून का गेले? ते चुकले असे तुम्हांस वाटते काय?

३. आपल्या गावात गेल्या पाच वर्षांत झालेल्या कामांपैकी कोणते साऱ्या गावाच्या उपयोगी पडले व कोणते एकाच घराच्या?

४. आपल्या मंडळीत असे कोण आहे, ज्यास काम करवत नाही आणि मदतही मिळत नाही? त्याचा अर्ज ह्या आठवड्यात कोण लिहील?